याचं सामान मिळत नाही!

मैत्रिणींनो, बंद पडलेलं एखादं घड्याळ तुमच्याही घरात असेलच. नाही म्हणू नका. कपाटातला तो खण आठवा, जिथं जुन्या चष्म्याच्या काड्या, जोडी हरवलेलं कानातलं, संपलेली पासबुकं आणि आहेराची वही असते. तिथंच ते एखाद्या रुमालात गुंडाळून ठेवलेलं असतं. टाकवत नाही आणि दुरुस्तीला न्यायला सवड होत नाही. आमच्याकडेही असंच होतं. ते चालू करता करता मला बरंच काही कळलं. काही तुमच्या उपयोगाचं आहे, काही निव्वळ आमच्या घरातलं आहे. पण घरातलं तरी कोणाचं फारसं वेगळं असतं?

घड्याळ माझ्या मामंजींचं, म्हणजे सासऱ्यांचं. एचएमटीचं 'जनता'. पांढरी तबकडी, साधे काटे, सतरा खड्यांचं मशीन, रोज चावी द्यायची. मामंजी लातूर जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर मास्तर होते. १९७४ साली लग्नात मिळालेलं हे घड्याळ त्यांनी चाळीस वर्षांच्या वर वापरलं. मग एकदा ते हातातून न्हाणीच्या फरशीवर पडलं आणि थांबलं. दोन-तीन दुकानांत दाखवलं. सगळीकडे एकच उत्तर, "गुरुजी, याचं सामान मिळत नाही." मामंजींनी ते रुमालात बांधलं आणि पेटीत ठेवून दिलं. दोन वर्षांपूर्वी ते गेले.

आम्ही नांदेडला असतो. मोठे भाऊजी आणि जाऊबाई लातूरला, आणि आत्याबाई, म्हणजे सासूबाई, त्यांच्याजवळ. दिवाळीनंतर महिनाभर त्या आमच्याकडे येतात. मागच्या खेपेला एके दुपारी मी तांदूळ निवडत बसले होते, तर त्यांनी पिशवीतून तो रुमाल काढून माझ्यापुढे ठेवला. म्हणाल्या, "नांदेडला कुणी असंल तर दाखवून बघ. चालंल का ते?"

एवढंच. आत्याबाई मुळातच कमी बोलणाऱ्या. मामंजी गेल्यापासून तर घरात त्या आहेत की नाहीत हेही कळू नये अशा वावरतात. माझ्या लग्नाला चौदा वर्षं झाली. एवढ्या वर्षांत त्यांनी माझ्याकडे मागितलेली ही पहिली गोष्ट. नाही कशी म्हणणार?

यांना सांगितलं तर हे म्हणाले, "पाचशे रुपयांत नवं येतं की! आणि वेळ बघायला मोबाईल आहेच." पुरुषांचा हिशेब असाच सरळ असतो. मी म्हटलं, माझ्या पैशांतून करते. मी एका शाळेत तासिका तत्त्वावर मराठी आणि इतिहास शिकवते. तासाला एकशेवीस रुपये. त्यामुळे कुठलाही खर्च आला की आधी मनातल्या मनात तासिका मोजायची मला खोडच लागली आहे.

पहिल्या दुकानातल्या मुलानं घड्याळ उघडलंसुद्धा नाही. म्हणाला, "काकू, याचं सामान येत नाही आता. आत सेलचं मशीन बसवून देतो. दोनशे रुपये. बाहेरून तुमचं तेच दिसेल, आणि चावीची कटकट नाही." मला अगदी पटलं. पावणेदोन तासिकांत काम होत होतं! तरी एकदा विचारावं म्हणून तिथूनच घरी फोन केला.

आत्याबाई म्हणाल्या, "मग त्याला चावी द्यावी लागायची नाही?"

"नाही ना. तेच तर बरं."

"मग ऱ्हाऊ दे," म्हणाल्या आणि फोन ठेवला.

खरं सांगते, मला रागच आला. आपण उन्हातून फिरायचं आणि यांना चावी हवी! घरी येईपर्यंत मी मनाशी बडबडत होते. तेव्हा मला काय ठाऊक होतं?

दुसऱ्या दुकानात खर्च सांगितला अठराशे. "ओरिजिनल सामान लागेल, ताई. बाहेरून मागवावं लागेल." अठराशे म्हणजे पंधरा तासिका. घड्याळ परत रुमालात गेलं. शेवटी आमच्या शाळेतल्या एका शिक्षकांनी इतवारा भागातल्या एका म्हाताऱ्या कारागिराचं दुकान सांगितलं. दुकान कसलं, जिन्याखालची जागा. एक टेबल, एक दिवा, काचेची झाकणं, आणि डोळ्याला भिंग लावलेले चाचा.

चाचांनी घड्याळाची पाठ उघडली, बराच वेळ पाहिलं आणि भिंग काढून माझ्यापुढे धरलं. "देखो बेटी, मशीन तो अच्छा है." मी आयुष्यात पहिल्यांदा घड्याळाचं पोट पाहिलं. केवढी ती चाकं आणि केवढे ते स्क्रू! मधेमधे लाल ठिपके दिसले. ते माणकाचे खडे, पण कारखान्यात बनवलेले. फिरणाऱ्या चाकांचे आस त्यांत बसवतात, म्हणजे झीज होत नाही. सतरा ज्वेल म्हणतात ते हेच. मी आजवर समजत होते की ती सगळी जाहिरात!

मग चाचांनी दुखणं सांगितलं. आतली कमान, म्हणजे मेनस्प्रिंग, तुटली होती. चावी दिली की गुंडाळली जाते आणि हळूहळू सुटत घड्याळ चालवते ती ही. दुसरं दुखणं मोठं होतं. बॅलन्स, म्हणजे डावी-उजवीकडे झुलणारं ते चाक, सेकंदाला पाच ठोके देतं. त्याच्या आसाचं टोक मोडलं होतं. केसाएवढं ते टोक, फरशीवर पडताना गेलं. बाकी काच धुरकट झाली होती आणि चावीचे दाते झिजले होते.

"पण सगळे म्हणतात सामान मिळत नाही?"

चाचा हसले. म्हणाले, न मिळणारे खोटं बोलत नाहीत. नवं येत नाही हे खरंच आहे. सरकारी एचएमटीनं जपानच्या सिटिझन कंपनीच्या मदतीनं १९६१ साली बेंगळूरला घड्याळाचा कारखाना काढला आणि १९६३ साली पंडित नेहरूंच्या हस्ते पहिली घड्याळं बाहेर आली. आपल्या आई-वडिलांच्या काळात एचएमटी मिळवायला वशिला लावावा लागे. पुढे १९८७ च्या सुमारास सेलची टायटन आली, आवडनिवड बदलली, आणि जानेवारी २०१६ मध्ये केंद्र सरकारनं एचएमटीची घड्याळ कंपनी बंद करायचा निर्णय घेतला. म्हणून दुकानदाराला कारखान्याकडून भाग मिळत नाहीत. पण देशात कोट्यवधी एचएमटी विकली गेली आहेत. ती गेली कुठं? तुमच्या-माझ्या खणांत आणि जुन्या दुकानांच्या ड्रॉवरांत. सामान आहे, फक्त ते मागवता येत नाही, शोधावं लागतं.

मग त्यांनी मला तीन गोष्टी शिकवल्या. त्या मी इथं सांगते, कारण कुठल्याही जुन्या हातघड्याळाला त्या लागू पडतात.

पहिली गोष्ट, काच, पट्टा, चावी या वस्तू कंपनीच्याच हव्यात असा हट्ट धरू नये. मापानं मिळतात. काच मिलिमीटरवर येते. साठ-सत्तर रुपयांत काम होतं. 'ओरिजिनल' या शब्दाचे पैसे इथं द्यायचे नाहीत.

दुसरी गोष्ट, आतला भाग मागताना घड्याळाचं नाव सांगून भागत नाही. मशीनवर बारीक आकडे कोरलेले असतात, तो नंबर लिहून घ्यायचा. कारण एकाच जातीचं मशीन कंपनीनं निरनिराळ्या नावांच्या घड्याळांत घातलेलं असतं. 'जनता' आणि 'पायलट' दिसायला किती वेगळी, पण आतून सख्खी भावंडं. सध्या 'पायलट'ला हौशी लोकांकडून फार मागणी आहे, म्हणून ते महाग. त्याचंच मशीन असलेलं, डबी खराब झालेलं साधं घड्याळ मात्र स्वस्तात मिळतं. भाग सुटा विकत घेण्यापेक्षा असं एखादं मेलेलं घड्याळ घेणं परवडतं. आपल्याला बॅलन्स मिळतो आणि बाकीचे भाग पुढच्या दुखण्याला राहतात.

तिसरी गोष्ट, काढलेला प्रत्येक जुना भाग परत मागून घ्यायचा. हे तिसरं मी ऐकलं आणि विसरले. ते पुढे मला चांगलंच भोवलं.

मेनस्प्रिंग चाचांनी हैदराबादहून त्यांच्या ओळखीच्या माणसाकडून मागवली. मराठवाड्याचं आणि हैदराबादचं नातं राज्य पुनर्रचनेत १९५६ सालीच संपलं असं मी वर्गात मुलांना शिकवते, पण आमच्याकडच्या कारागिरांची पायवाट अजून तिकडेच जाते! एकशेवीस रुपये पडले. म्हणजे एक तासिका. राहिला बॅलन्स.

आमची अकरा जणींची भिशी आहे. त्या महिन्यात मी सगळ्यांना विचारलं, कोणाकडे बंद पडलेलं एचएमटी आहे का? आधी हशा झाला. मग एकेक आठवू लागली. पुढच्या भिशीला तीन घड्याळं आली. एकीनं तिच्या वडिलांचं माझ्या हातात ठेवलं आणि म्हणाली, "घे, तसं पडूनच आहे." मी चाचांकडे नेलं. मशीन तेच, बॅलन्स ठणठणीत, एक पैसा खर्च न करता काम होत होतं. चाचा स्क्रू काढायला बसले आणि मी एकदम "थांबा" म्हटलं. त्या घड्याळाच्या पट्ट्यावर वडिलांच्या मनगटाचा वळसा अजून तसाच होता. आपल्याकडचं एक माणूस जागं करायला दुसरीच्या वडिलांना कापायचं? मला ते होईना. चाचांनी तेच घड्याळ नीट पाहिलं, तर तेल सुकून चाकं चिकटली होती, बाकी काहीच नव्हतं. साडेतीनशे रुपयांत सर्व्हिसिंग होऊन ते चालू झालं. मैत्रीण तिथल्या तिथे रडली. पुढच्या महिन्यात बाकीच्या दोघींचीही झाली. माझं मात्र जिथल्या तिथंच!

संक्रांतीला आम्ही लातूरला गेलो. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झाल्यापासून लोहा, अहमदपूर, चाकूर ही गावं मला पाठ झाली आहेत. हळदीकुंकवाचं वाण आणायला गंजगोलाईत गेले होते. लातूरची ही गोलाई ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगते, मधे जगदंबेचं देऊळ, भोवती गोल बाजारपेठ आणि तिथून सोळा रस्ते फुटतात. एका रस्त्यावर एक जुनं घड्याळाचं दुकान दिसलं. आता तिथं चष्मे आणि मोबाईलची कव्हरं होती. सहज विचारलं. मालक आधी "सामान मिळत नाही" म्हणाले. मी पर्समधून कागद काढून मशीनचा नंबर सांगितला. त्यांनी माझ्याकडे जरा वेगळ्या नजरेनं पाहिलं, खालच्या ड्रॉवरातून बिस्किटाचा पत्र्याचा डबा काढला आणि काउंटरवर उपडा केला.

काय नव्हतं त्यात! डबी नसलेली मशीनं, सुटे काटे, पट्ट्यांच्या कड्या. अर्धा तास शोधून आमच्या नंबरचं मशीन सापडलं. हलवलं तर बॅलन्स झुलला. दोनशे रुपये. मी घासाघीससुद्धा केली नाही, इतका आनंद झाला होता. मालकांनी मग एक नवीकोरी तबकडी दाखवली, पांढरीशुभ्र, काळी ठसठशीत अक्षरं. "ही पण न्या, ताई. दीडशे. घड्याळ एकदम नवं होईल."

आमच्या तबकडीवर सहाच्या आकड्याखाली एक पिवळट-तपकिरी डाग होता, पाण्याचा असावा असा. मला तो पहिल्यापासून खुपत होता. घर पुसताना कोपऱ्यातला डाग राहिला की आपल्याला जसं होतं, तसं. मी तबकडी घेतली. आत्याबाईंना काही बोलले नाही. म्हटलं, एकदम नवं करून हातात देऊ.

चाचांनी ती पाहिली आणि विचारलं, "घर में पूछा क्या, बेटी?" मी "हो" म्हटलं. खोटं बोलले. ते म्हणाले, असल्या तबकड्या अलीकडे छापलेल्या असतात. अशी रंगरंगोटी केलेली भारतातली जुनी घड्याळं परदेशात पुष्कळ जातात आणि तिकडचे शौकीन त्यांना 'मुंबई स्पेशल' म्हणून हसतात. मी म्हटलं, आम्हाला कुठं परदेशात विकायचंय? बसवा.

पाडव्याच्या आदल्या दिवशी मी लातूरला पोचले. हातपाय धुऊन आधी घड्याळ काढलं. टिकटिक चालू, काच लखलखीत, तबकडी दुधासारखी. आत्याबाईंच्या हातावर ठेवलं. त्यांनी ते कानाला लावलं. चेहऱ्यावर क्षणभर जे उमटलं ते मला अजून दिसतं. मग त्यांनी ते डोळ्यांजवळ नेलं.

"ह्यावरचा डाग कुठं गेला ग?"

"काढला ना. नवी तबकडी बसवली."

त्यांनी घड्याळ पाटावर ठेवलं आणि आत पोळ्या लाटायला गेल्या. काही बोलल्या नाहीत. जाऊबाईंनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे. रात्री सगळं आवरल्यावर मी त्यांच्याजवळ ओट्यावर जाऊन बसले आणि सरळ विचारलं, "आत्याबाई, माझं काय चुकलं?"

खूप वेळानं त्या बोलल्या. त्यांच्याच शब्दांत सांगते.

"बहात्तरचा दुष्काळ होऊन गेलता. आमच्या अण्णांकडं काहीच राहिलं नव्हतं, बैल बी विकलते. बोलणीत हिकडून घड्याळ आन् अंगठी सांगितली. अंगठी कशीबशी झाली. घड्याळाला पैसे कुठून आणावं? माझ्या आईनं पायातले चांदीचे तोडे काढून दिले. तिच्या आईनं घातलेले होते. मग मरेपर्यंत तिनं पायात काही घातलं नाही. कुणी इचारलं तर म्हणायची, जड होत्यात."

मैत्रिणींनो, हुंडाबंदीचा कायदा १९६१ सालीच झाला होता. पण घड्याळाला हुंडा कोण म्हणतंय? ते तर 'हौसेनं' दिलेलं! अशी हौस किती घरांत कोणाच्या अंगावरून उतरून आली, हे आहेराच्या वहीत लिहिलेलं नसतं. त्यात फक्त 'जावयास घड्याळ' असं असतं. आणि आम्ही सगळे इतकी वर्षं त्याला 'मामंजींचं घड्याळ' म्हणत होतो.

"मामंजींना ठाऊक होतं?"

"न्हाई. लई वर्सांनी कळलं. दोन्ही पोरं झाल्यावर एकदा आईच्याच तोंडून निघून गेलं. त्या दिवशी ते जेवले न्हाईत. दुसऱ्या दिवशी शाळेत जाताना घड्याळ माझ्या हातात दिलं. म्हणाले, आजपासून चावी तू देत जा. तुझ्या आईचं आहे."

त्या दिवसापासून रोज सकाळी चहा झाला की आत्याबाईंनी चावी द्यायची, कानाला लावून बघायचं आणि मग मामंजींनी ते मनगटावर बांधायचं. तीस वर्षं. या घरात मी इतकी वर्षं येत-जात होते, मामंजींच्या हयातीत कितीदा सुट्टीत राहिले, आणि मला हे कधी दिसलं नाही. तेव्हा मी स्वयंपाकघरात असायची ना!

"आणि डाग?"

तो डाग १९९३ चा. ३० सप्टेंबरची पहाट. आदल्या रात्री गणपती विसर्जन करून माणसं नुकती झोपली होती. भूकंप झाला तेव्हा मामंजी पोरांना घेऊन बाहेर धावले, कोनाड्यातलं घड्याळ खाली पडून काच तडकली, तरी ते चालूच होतं. अंगणात उभं राहून बॅटरीच्या उजेडात त्यांनी वेळ पाहिली. चार वाजायला काही मिनिटं कमी होती. आपल्या लातुरात भिंतींना भेगा गेल्या. पण किल्लारीकडे गावंच्या गावं ढिगाऱ्याखाली गेली, हजारो माणसं गेली. मामंजी इतर शिक्षकांबरोबर तिकडे मदतीला गेले. मागून पाऊस लागला होता. त्या तडकलेल्या काचेतून घड्याळात पाणी शिरलं. आठ दिवसांनी परत आले तेव्हा ते तिथलं काहीच बोलले नाहीत. घड्याळाची काच बदलली, तेलपाणी करून घेतलं, पण तबकडी बदलू दिली नाही.

"डागाकडं बघून कधी कधी नुसते बसायचे," आत्याबाई म्हणाल्या. "म्या कधी इचारलं न्हाई."

"तुम्ही मला आधी का नाही सांगितलंत हो?"

"तू कवा इचारलंस?"

यावर मी काय बोलणार! त्या टोचून नव्हत्या बोलल्या. खरंच मी विचारलं नव्हतं. नंबर विचारला, भाव विचारला, दहा दुकानं विचारली. ज्यांचं घड्याळ, त्यांना तेवढं सोडून.

आणि जुनी तबकडी? ती मी चाचांकडून परत मागितलीच नव्हती. चाचांकडे फोन नाही. पाडव्याचा सण, लगेच निघणंही बरं दिसेना. ते दोन दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. गुढी उभारताना, श्रीखंड वाढताना, डोळ्यांपुढे जिन्याखालची ती कचऱ्याची टोपली. तिसऱ्या दिवशी पहिली एसटी धरली. घरीसुद्धा न जाता स्टँडवरून रिक्षानं थेट इतवाऱ्यात गेले.

चाचांनी माझा चेहरा पाहिला आणि काही न विचारता टेबलाचा खण उघडला. मलमाची एक रिकामी पत्र्याची डबी काढली. आत कागदाच्या घडीत आमची तबकडी, डागासकट. "मेरे को मालूम था," म्हणाले. "पुराना चेहरा मैं फेकता नहीं. लोग वापस आते हैं." मी तिथंच स्टुलावर बसून घेतलं. पाय लटपटत होते.

जुनी तबकडी परत बसवायचे चाचांनी पैसे घेतले नाहीत. आता हिशेब सांगते, कारण तुम्ही विचारणारच. मेनस्प्रिंग १२०, बॅलन्ससाठी जुनं मशीन २००, काच ६०, चावी ५०, पट्टा ८० आणि सर्व्हिसिंगची मजुरी ३५०. एकूण ८६० रुपये, म्हणजे सात तासिका आणि वर वीस रुपये. नव्या तबकडीचे दीडशे ही माझ्या शहाणपणाची फी. ती तबकडी मी मुद्दाम शिवणाच्या डब्यात ठेवली आहे. दिसली की बरं असतं.

घड्याळ चालू झाल्यावर काही पथ्यं आहेत, तीही सांगते. चावी रोज एकाच वेळी द्यावी आणि अडली की थांबावं, जोर करू नये. देताना घड्याळ हातातून काढून घ्यावं. फोडणीची वाफ आणि नळाचं पाणी यांपासून लांब ठेवावं. मोबाईलवर किंवा फ्रिजला चिकटणाऱ्या चुंबकाजवळ ठेवू नये. आतल्या केसासारख्या स्प्रिंगला चुंबक लागला तर घड्याळ पळायला लागतं. तीन-चार वर्षांनी तेल करून घ्यावं, बंद पडायची वाट बघू नये. आणि घरी सुईनं-चिमट्यानं उघडून बघायचा मोह तर अजिबात नको. आमच्या मुलानं तो करून पाहिला आहे.

पुढच्या महिन्यात आत्याबाईंना घड्याळ दिलं. त्यांनी आधी डाग पाहिला, मग पदरानं काच पुसली आणि चावी दिली. बोटांना सवय होती, मोजावं लागलं नाही. कानाला लावलं. मी म्हटलं, "बांधू का तुमच्या हाताला?" तर म्हणाल्या, "नगं. माझ्या हाताला कुठं सवय हाय?" मग थोड्या वेळानं, माझ्याकडे न बघता, "लई फिरलीस ग माझ्यासाठी." चौदा वर्षांत हीदेखील पहिलीच वेळ.

तेव्हा तुमच्या खणातला तो रुमाल सोडा. मशीनचा नंबर लिहून घ्या, भिशीत विचारा, गावातला जिन्याखालचा कारागीर शोधा. "सामान मिळत नाही" हे ऐकून परत फिरू नका. फक्त दुकानात जायच्या आधी घरातल्या थोरल्या बाईजवळ जरा बसा आणि विचारा, हे घड्याळ आपल्या घरात आलं कसं? काय बदलायचं आणि काय तसंच ठेवायचं, ते कारागिराला नाही, तिलाच ठाऊक असतं.

परवा जाऊबाईंचा फोन आला होता. म्हणाल्या, "अगं, आत्याबाई काल भाजीला गेल्या, तर मनगटावर घड्याळ! पट्टा मोठा होतो म्हणून चांभाराकडून दोन भोकं जास्तीची पाडून आणलीत."